पाठमोरी

“बॅटरी काढून टाक,” आई म्हणाली. “कायमची.”

“ऐकू नका हो तिचं,” लेक दारातूनच ओरडली. “चार्ज करायचीय. पण जपून! माझ्या बाबांचं शेवटचं चित्र आहे ते.”

मायलेकी भांडण घरूनच बांधून आणल्यासारख्या दुरुस्तीच्या दुकानात शिरल्या होत्या. लेक अजून उंबऱ्यावरच होती, छत्रीशी झटत. छत्रीही तिच्याच वळणावर गेलेली, मिटायला तयार नव्हती.

तेवढ्यात आईने पिशवीतून पाटी काढून काउंटरवर ठेवली. चांगली मोठी, कागदासारख्या स्क्रीनची. वाचायची, आणि पेनाने वर चित्रं काढायची. घरात सगळे तिला पाटीच म्हणत.

पाटीवर करड्या रेघांत एक बाई होती. खिडकीशी बसलेली, पाठमोरी, अंबाडा सैल सुटलेला.

दुरुस्तीवाल्याने चित्र पाहिलं. मग विकायला मांडलेल्या नऊ नव्या कोऱ्या पाट्या त्याने भराभर पालथ्या घातल्या, एकीवर एक रचल्या आणि जागा केली. आईने त्याच्या हातांकडे पाहिलं.

“बसा, काकू. काय बिघडलंय?”

“बिघडलं काहीच नाही,” लेक एकदाची आत आली. “बाबा गेले, पाटी तशीच पडून राहिली. बॅटरी संपली. चित्र तेवढं राहिलं.”

“राहतंच, ताई. या स्क्रीनला चित्र उमटवायला वीज लागते, धरून ठेवायला लागत नाही.”

“म्हणून तर आई हात लावू देत नाही. चालू केली की हे पुसलं जाईल, म्हणते. आणि आत बाबांची शेकडो चित्रं आहेत. मला ती हवीत, आणि हेही जायला नको.”

“एवढंच ना?” दुरुस्तीवाला म्हणाला.

“आमचे बाबा म्हणजे विचारू नका. जन्मभर चित्रं काढली. शेजारणीची कोंबडी काढली, दाराची कडी काढली. फुटक्या बादलीला तर तीन बाजूंनी काढलं. आई सारखी समोर वावरायची, तिचं एक नाही!”

“बादली हलत नाही,” आई म्हणाली. “मी एका जागी बसते कुठे?”

“बघा, अजून त्यांचीच बाजू! यावरूनच मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं. आजारी होते तेव्हाही आले नाही.” लेकीने पाटी जवळ ओढली. “आले ती सगळं संपल्यावर. टेबलावर ही पाटी, आणि पाटीवर आई. म्हणजे मनात होतं हो त्यांच्या. तेवढ्या आधारावर झोप लागते मला.”

आई खिडकीबाहेर बघत होती.

दुरुस्तीवाल्याने पाटी उचलली. “अर्धा तास द्या, काकू. आतली चित्रं उतरवतो, मग बॅटरीही काढतो. हे जसंच्या तसं परत देतो.”

“आणि नाही जमलं तर?” आईने विचारलं.

“जमेल,” तो तिच्याकडेच बघत म्हणाला. “रेघसुद्धा हलणार नाही.”

तो पडद्यामागे गेला. मायलेकी बसून राहिल्या. बसून बसून कंटाळा आला तसा लेकीने पालथ्या ढिगाकडे हात नेला. आईने तो हलकेच बाजूला केला.

“दुकानातल्या वस्तूंना हात लावू नये.”

“मी चाळिशीला आले, आई!”

“मग तर मुळीच लावू नये.”

अर्ध्या तासाने पाटी बाहेर आली. तीच खिडकी, तीच बाई. सोबत एक पेनड्राइव्ह.

“अहो, हे केलंत कसं?” लेक हसत होती आणि डोळे पुसत होती.

“धंद्यातली गोष्ट आहे, ताई. सांगितली तर मी उपाशी मरेन.”

लेकीने पाटी छातीशी धरली आणि ती गाडी बघायला बाहेर पडली. आई मागे रेंगाळली.

“आतली सगळी बघितलीस?”

“हो, काकू.”

“मी होते का रे कुठे?”

दुरुस्तीवाला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी लावत राहिला. “बादल्या होत्या,” तो म्हणाला. “कोंबडी होती.”

“बरं.”

ती निघाली. दारापर्यंत जाऊन थांबली.

“त्या पाट्या सुलट्या कर आता. बसली ती गाडीत.”

त्याने वरची पाटी सुलटी केली. खिडकीशी बसलेली बाई, पाठमोरी, अंबाडा सैल सुटलेला. दुसरीवर तीच. नऊच्या नऊ पाट्यांवर तीच, कंपनीतूनच आलेली.