सगळे बदला

बायको गेल्यावर मुलगी म्हणाली, आईच्या पाककृतींची वेबसाइट करू. मी फुकटचं एक टूल शोधलं आणि हिनं मैत्रिणींना मोबाइलवर पाठवलेल्या पाककृती त्यात टाकल्या.

शुद्धलेखन तपासणारं टूलही फुकटच मिळालं. त्यानं पान लालेलाल केलं: लोनचं, भाजनी, पुरनपोळी. हिला ण कधी जमला नाही. मी चिडवलं की म्हणायची, "चवीत फरक पडतोय का?"

"'सगळे बदला' दाबा, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "प्रणवनं प्रस्तावना लिहिलीय, तिच्याखाली अशुद्ध बरं दिसत नाही."

जावई मराठीचा प्राध्यापक. पण ण घालून पाहिला, तर ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटायला लागलं. मग मी उलटं केलं. सगळ्या साइटवर जिथं ण असेल तिथं न, आणि दाबलं बटण.

संध्याकाळी पुन्हा तिचा फोन. "बाबा, प्रस्तावनेखाली प्रनव आलंय. तो चिडलाय. आणि मी काय, रेनुका?"

"तुझी आई काय म्हणायची तुला?"

ती नाक ओढून हळूच म्हणाली, "राहू द्या तसंच. पन त्याला सांगू नका, मी म्हनाले म्हनून."