नमुन्याचा हात

प्रदर्शनाच्या मंचावर रेशमाने कृत्रिम हाताने लेकीचे केस धरले आणि दुसऱ्या हाताने विंचरले. कडबाकुट्टीच्या यंत्रात पंजा गेल्यापासून तिला ते जमलं नव्हतं. हात बनवणाऱ्या इंजिनिअर शलाकाचे डोळे भरून आले.

पाहुणे गेल्यावर शलाकाचे साहेब तिला म्हणाले, “हात काढून घ्या. नमुना एकच आहे.”

“सर, तिला तो कायमचा मिळाला असं वाटतंय.”

“म्हणून तर फोटो चांगले आले.”

ते ऐकून रेशमाने त्याच हाताने लेकीचा फ्रॉक पकडला. “नको ना, ताई.” तिचे स्नायू आवळले तशी बोटं घट्ट मिटली, शलाकाने ती तशीच घडवली होती.

शलाकाने लॅपटॉपवर हात उघडण्याची कळ दाबली. रेशमा जोर लावत राहिली, तरी बोटं एकेक करून सुटली.