बंदुकांची तपासणी

एस्थरनं काठी पुढं केली, पण सुभेदार नाथाजी बर्गेचा हात काही पुढं झाला नाही.

काळ्या लाकडाची, मुठीला चांदी बसवलेली ती काठी त्यानं बघताक्षणी ओळखली होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका देशाचे पंतप्रधान बादू ती काठी घेऊनच चालत. एस्थर त्यांची मुलगी. पुण्याच्या कॉलेजात शिकायला आलेली. सकाळच्या रेल्वेनं ती कोरेगावला उतरली, तेव्हा स्टेशनापासून निम्मा गाव तिच्या मागं आला होता. नाथाजीच्या बायकोनं, हरणाबाईनं, सगळ्यांना वाटेला लावलं, पाखडायला घेतलेला घेवडा बाजूला सारला आणि पाहुणीला खुर्ची दिली.

"वडील फेब्रुवारीत गेले," एस्थर इंग्रजीत म्हणाली. "जाताना सांगून गेले, ही काठी माझ्या हिंदी सुभेदाराला पोचव. त्या दिवशी माझ्याशी खरं वागलेला तो एकटाच."



फौजेनं त्याला एकोणसत्तर साली तिकडं धाडलं होतं, त्या नव्या देशाच्या जवानांना कवायत शिकवायला. बादू मूळचे शाळामास्तर. कोकोच्या शेतकऱ्यांची संघटना बांधायला ते सायकलवर गावोगाव फिरले, आपल्याकडं साखर कारखान्याचे सभासद करायला माणसं फिरली तसे. मागं कॅरिअरवर त्यांचा बालमित्र जोसेफ, मांडीवर कर्णा घेऊन बसलेला. त्या सायकलवरूनच ते विधिमंडळात गेले आणि पुढं पंतप्रधान झाले. नाथाजी शिकवायचा त्या फौजी शाळेच्या शस्त्रागाराच्या किल्ल्या त्यांनी जोसेफच्या हाती दिल्या, कारण दुसऱ्या कुणावर त्यांचा एवढा विश्वास नव्हता. मग त्यांनी अफसरांचे नवे बंगले थांबवले आणि गावांना विहिरी दिल्या. तिथंच फौज बिथरली.

शनिवारी ते नाथाजीच्या व्हरांड्यात येऊन बसत. तुमच्याकडं उसाला पाणी कसं देतात, माणसं एकत्र कशी येतात, असं विचारत. सलाम कसा ठोकायचा ते त्याच्याकडून शिकत, आणि कोपर खाली आलं की स्वतःच हसत.

बहात्तरच्या स्वातंत्र्यदिनी मोठं संचलन होतं. बंदुका रिकाम्या असाव्यात असा नियम, आणि तपासणीचं काम नाथाजीचं. बोल्ट मागं ओढायचा, आत अंगठा फिरवायचा, पुढं सरकायचं. तिसऱ्या रांगेत अंगठ्याला काडतुसाचं गार पितळ लागलं. शेजारच्या बंदुकीतही तेच. मागं त्याचाच सगळ्यात गुणी शिष्य उभा होता, आता कॅप्टन झालेला. तो हळूच म्हणाला की उस्ताद, तुमचं मायदेशी जायचं विमान शुक्रवारी आहे. हा आमच्या घरातला मामला आहे.

नाथाजी पंतप्रधानांपुढं गेला. सलाम ठोकला. सगळ्या बंदुका रिकाम्या आहेत म्हणून सांगितलं. बादूंनी मान डोलावली आणि ते रांगांकडं चालू लागले. अर्ध्या तासात त्यांच्या हातात बेड्या होत्या.

शुक्रवारच्या विमानानं नाथाजी परतला. तीन वर्षं झाली, गावच्या शाळेत झेंडावंदनाला बोलावलं की तो गुडघा धरला आहे असं सांगायचा. खरं कारण हरणाबाईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

एस्थर सांगत होती. वडील दोन वर्षं तुरुंगात होते. सुटले ते आजारीच, आणि गावच्या घरात पडून राहिले. जोसेफ त्यांना भेटायला यायचा. तो शपथेवर सांगायचा की अफसरांनी आदल्या दिवशीच आपल्याकडून किल्ल्या हिसकावल्या, आपल्याला कोंडलं आणि सकाळी तपासणीच्या आधीच बंदुका भरल्या. वडील म्हणायचे, हा खोटं बोलतो. तपासणी झाली तेव्हा बंदुका रिकाम्या होत्या, माझ्या सुभेदारानं तोंडावर सांगितलं. मग गोळ्या नंतर भरल्या, आणि किल्ल्या याच्याजवळ होत्या. जोसेफचं नावसुद्धा त्यांनी घरात काढू दिलं नाही.



"काय म्हनती वं ती?" हरणाबाईनं विचारलं. "घ्या की काठी. येवढ्या लांबनं आनलीया पोरीनं."

"हरणे," नाथाजी म्हणाला, "बंदुकांत गोळ्या हुत्या. माझ्या हाताला लागल्या हुत्या. मी न्हाईत म्हनून सांगितलं."

हरणाबाईला सगळं उमगलं नाही. पण नवऱ्याचा असला आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मग त्यानं तेच एस्थरला सांगितलं. फौजेत शिकलेलं त्याचं मोडकं इंग्रजी त्या एवढ्याशा गोष्टीला पुरलं. कुठली रांग, कॅप्टन काय बोलला, आपण काय बोललो, शुक्रवारचं विमान, काही वगळलं नाही. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून थांबला. तिनं शिव्या द्याव्यात, तोंडावर थुंकावं, ती काठी पाठीत घालावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

एस्थरनं एवढंच विचारलं की तपासणीच्या आधीपासूनच गोळ्या होत्या ना, नक्की?

त्यानं मान हलवून हो म्हटलं.

तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. हरणाबाईनं मघाशी ठेवलेल्या चहावर साय धरली होती. नाथाजीला राहवलं नाही. जोसेफ आता कुठं असतो, त्यानं विचारलं. मी त्याला पत्र लिहीन, लागलं तर त्याचे पाय धरायला येईन, असं म्हणाला.

"ते मला ठाऊक नाही," एस्थर म्हणाली. "वडील रात्री गेले. त्याआधी दुपारभर तो आमच्या अंगणात उभा होता. एकदा फक्त त्यांना बघू द्या म्हणत होता. वडील झोपले होते, त्यांना कळलंही नाही." तिनं पहिल्यांदाच नाथाजीच्या डोळ्यांत बघितलं. "दार मी लावून घेतलं."