दिवेलागणीचा मिसकॉल

"तुम्ही बघा, मी ऐकते," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "वाटणी करून घेऊ. मला ते उतार बघवत नाहीत."

मास्तरांनी शिलाई मशीनवर झाकण घातलं, झाकणावर फोन ठेवला आणि स्टूल टीव्हीसमोर ओढलं. पडद्यावर भिंगरी आली तशी त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, जणू तीच त्यांना बघत होती. पोटची पोर टीव्हीवर. एकटी, सायकलवर, डोंगरांच्या रांगा ओलांडत. माहितीपट गेल्या वर्षीच्या प्रवासाचा होता. त्याहून लांबच्या प्रवासाला ती गेल्या आठवड्यातच निघून गेली होती. जाताना म्हणाली होती, "बघत बसू नका हो बाबा. काही नाही त्यात. नुसता रस्ता आहे."

"अगं, आपली पिशवी!"

"दिसते का नीट?"

"पोरीपेक्षा पिशवीच जास्त दिसते."

हँडलला बांधलेली खाकी पिशवी मास्तरांनीच शिवली होती. जाड कापड, दुहेरी शिवण. परत आली तेव्हा तिचा एक कोपरा गेलेला होता. "शेळीनं खाल्ला," भिंगरीनं सांगितलं. मास्तरांनी तो किस्सा माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला: आमची शिवण शेळीलासुद्धा आवडते! मग कोपऱ्याला ठिगळ लावून तीच पिशवी यंदाही तिच्याबरोबर दिली.

जाहिरात. साबण.

"आला का हो फोन?"

"येईल. अजून उजेड आहे."

नियम मास्तरांचा होता. दिवेलागणीला तिनं एक मिसकॉल द्यायचा. इकडून उचलायचा नाही, उलट करायचा नाही. एक रिंग म्हणजे सुखरूप. कारण बोलणं झालं की इकडे आईच्या डोळ्यांना धार लागायची आणि तिकडे पोरीचा पाय जड व्हायचा. मास्तरांनी दोघींच्या मापाचा तोडगा बेतला आणि तो बसलाही असा फिट, की गेल्या वर्षी एक संध्याकाळ चुकली नाही. रिंग वाजायची, थांबायची. मास्तर म्हणायचे, "चला, लावा दिवा."

जाहिरात संपली.

उतार. कॅमेरा हँडललाच बांधलेला, म्हणून रस्ता थेट मास्तरांच्या अंगावर येत होता. नुसता वारा. मग एकदम जमीन, आभाळ, जमीन.

मग सगळं आडवं.

रस्ता पडद्यावर उभा राहिला होता. मास्तरांनी मान खांद्याकडे कलती केली, तेव्हा कुठे तो सरळ झाला. एक चाक हवेत फिरत होतं. चाकाजवळ खाकी पिशवी, कोपरा दगडावर खरवडून निघालेला, आतले दोरे बाहेर. शेळी कुठेच नव्हती.

बराच वेळ काहीच नाही. चाक.

मग हात आला. कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला. त्या हातानं पिशवी चाचपली, फोन काढला. फोन निसटला. पुन्हा उचलला. अंगठ्यानं काच पुसली, तर ती लालच झाली. बटण दाबलं. क्षणभर थांबून बंद केलं. मग फोन छातीवर ठेवून भिंगरी रस्त्यावर उताणी पडली आणि तोंड उघडं ठेवून आभाळाकडे बघत राहिली. रडली नाही. हाक मारली नाही. हाक मारायला होतं कोण? मास्तर स्टुलावरून अर्धवट उठले होते. पुढे कुठे जायचं ते कळेना, म्हणून तसेच थांबले.

"का हो, सगळं गप्प झालं? काय दाखवतायत?"

"काही नाही." मास्तरांची मान अजून कलतीच होती. "नुसता रस्ता आहे."

जाहिरात. गुडघ्याचं मलम. एक म्हातारा टणाटण उड्या मारत होता.

ती संध्याकाळ कोणती? मास्तर आठवू लागले. आठवेना. प्रत्येक रिंग सारखीच वाजली होती.

आणि झाकणावरचा फोन वाजला. एक रिंग. थांबला.

"आला!" आत भांड्यांचा आवाज मोकळा झाला. "हुश्श! आहे बाई पोरगी ठीक. लावा दिवा."

मास्तरांनी दिवा लावला नाही. फोन हातात घेतला. भिंगरीच्या नावावर अंगठा ठेवला. जन्मात केलं नव्हतं ते केलं, दाबलं.

तिकडे रिंग वाजू लागली. मास्तरांनी फोन कानाला इतका घट्ट दाबला की कान दुखला. "उचल," ते पुटपुटले. "अगं, उचल ना. मीच सांगतोय." वाजत राहिली. वाजून वाजून आपोआप बंद पडली.

टीव्हीवर पुन्हा सायकल पळत होती. भिंगरी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. अंगात आता लांब बाह्यांचा शर्ट. मनगटापर्यंत बटणं लावलेला.

मास्तरांनी फोन परत झाकणावर ठेवला, हलकेच, जणू तोच सोलवटलेला होता.

फोन वाजला. त्यांनी झडप घातली.

एक रिंग. थांबला.

बायको पदराला हात पुसत दारात आली. खोलीत अंधार बघून तिनंच बटण दाबलं. चेहरा नुसता फुललेला.

"आज दोनदा?" ती हसली. "म्हणजे स्वारी भलतीच खुशीत दिसते!"