चकाकती काच

अकोल्याचं ऊन घरात शिरू नये अन् एसीचं बिल कमी यावं म्हणून देवकाबाईंच्या लेकानं, पियुषनं, जुन्या लाकडी खिडक्या काढून चकाकत्या काचेच्या बसवल्या. मिस्त्री म्हणाला, "आजी, आतून तुमाले सारं दिसन, बाहेरून तुमी कोनाले दिसनार नाही."

देवकाबाईंना तेवढंच हवं होतं. समोर राहणाऱ्या धाकट्या जावेशी, ललिताशी, त्यांचा सहा वर्षांचा अबोला. "तुह्या घराकडं ढुंकून पाहीन तर नावाची देवका नाही," असं त्या अख्ख्या गल्लीदेखत बोलून बसल्या होत्या.

आज ललिताच्या लेकीला, प्रणालीला, पाहायला पाहुणे आले. देवकाबाईंनी खुर्ची थेट काचेशी ओढली. दिवेलागण झाली तशी ट्यूबलाइट लावली आणि समोरच्या ओसरीवरचा मुलगा नखशिखांत न्याहाळला. पोरगा वाकून थोरामोठ्यांच्या पाया पडला, तेव्हा यांची मान आपसूक डोलली.

"ललितीच्या मानानं बराच चांगला भेटला," त्या पुटपुटल्या.

थोड्या वेळानं दारात ललिता उभी.


"जाऊबाई, आत लाईट लावला का काचेतून तुमीच दिसता. तुमची मान डोललेली पाहुण्यायनं पाह्यली, मी बी सांगून देल्लं का घरच्या मोठ्यायचा होकार आला. आता चाला साखर खाले."