अकराव्या दिवसाची बाटली

"झाल्या एकदाच्या सह्या!" लुसिएनबाई कठडा धरून खाली आल्या. बासष्ट पायऱ्या. शेवटच्या पायरीवर थांबून त्या गुडघा चोळत राहिल्या.

फिर्मँ आपल्या दारातच उभा होता. "कुणी घेतला फ्लॅट?"

"तूर शहरातलं तरुण जोडपं आहे. सोलेन आणि बास्तियाँ. भिंतींना पोपडे, वायरी माझ्या लग्नाच्या वेळच्या, पण दोघं खूश! सगळं स्वतःच्या हातांनी नवं करणार म्हणे."

"मग बाटली उघडू?"

"अहो फिर्मँ, एवढी घाई? दहा दिवस सरू देत की."

घराच्या करारावर सह्या झाल्या, तरी घेणाऱ्याला दहा दिवस असतात. एक पत्र टाकलं की सौदा मोडला; कारणसुद्धा द्यावं लागत नाही. विकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून शातोतली, या जुन्या सरदारी वाड्यातली, शहाणी माणसं अकराव्या दिवसाआधी बाटलीला हात लावत नाहीत आणि पुढचे बेतही बोलून दाखवत नाहीत.

"आणि तुम्ही जाणार कुठे?" फिर्मँनं विचारलं.

"तेही अकराव्या दिवशी." बाई हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या स्वयंपाकघरात ऊन किती वाजता येतं हो?"

"आठला. का?"

"सहज."

फिर्मँला उत्तर ठाऊकच होतं. बाईंचा मुलगा दोन वर्षं त्यांना नांतला बोलावत होता. दुसरीकडे कुठे जाणार होत्या त्या? निघताना माणूस असलंच काहीबाही विचारतो.

या शातोचे बारा फ्लॅट केले, त्याला साठ वर्षं झाली. लुसिएनबाई सर्वांत वर, छताखाली. फिर्मँ तळमजल्यावर. त्याच्या भिंतीपलीकडे दंतवैद्याचा फ्लॅट होता, तो म्हातारा वारल्यापासून बंद. फिर्मँनं जन्मभर छतं शाकारली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. दर रविवारी लुसिएनबाई पत्ते खेळायला खाली यायच्या, उघडउघड लबाडी करायच्या आणि जिंकल्या की टाळ्या वाजवायच्या. फिर्मँ लबाडी न दिसल्यासारखं करायचा. त्या गेल्या की त्याच्या आठवड्यात रविवार उरणार नव्हता. हे त्यानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कसं सांगतात तेही त्याला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दंतवैद्याच्या खिडक्या उघड्या दिसल्या. त्याची मुलगी हवा खेळवायला आली असावी. लुसिएनबाई आत तिच्याशी बोलत होत्या. बाईंना गप्पांना कुणीही चालायचं.

चौथ्या दिवशी जोडपं मोजमापाची टेप घेऊन आलं. फिर्मँनं त्यांना कॉफीला बोलावलं.

"छत पाहिलंत का?"

"सगळे म्हणतात छत एक नंबर आहे," बास्तियाँ म्हणाला.

"सगळ्यांना काय कळतंय! मी बसवलंय ते. पाटीचा दगडच कच्चा निघाला. पाच वर्षांत गळणार, आणि थेट तुमच्या डोक्यावर."

हे साफ खोटं होतं. ते छत म्हणजे त्याच्या हातचं सर्वांत चोख काम. ते पुरं झालं, तेव्हा बायकोला मुद्दाम नदीपलीकडे नेऊन त्यानं ते लांबून दाखवलं होतं.

"शिवाय खिडक्या. ही संरक्षित वास्तू, सरकारच्या वास्तुतज्ज्ञाला विचारल्याशिवाय रंगसुद्धा बदलता येत नाही. आठ महिने लावतात, 'नाही' म्हणायला." हे मात्र खरं होतं.

सोलेननं पोटावर हात ठेवला. "आम्हाला फेब्रुवारीत बाळ होणार आहे."

"अरे देवा. आणि त्या बासष्ट पायऱ्या? बाबागाडी घेऊन?" फिर्मँनं मान हलवली. "तळमजल्याची गोष्ट वेगळी. माझं बघा, पायऱ्या नाहीत, ओल नाही."

सोलेन टेबलावर पसरलेल्या उन्हाकडे बघत राहिली.

नवव्या दिवशी लुसिएनबाई पत्र घेऊन खाली आल्या आणि न विचारताच खुर्चीत बसल्या.

"नको म्हणतात."

फिर्मँला लाज वाटली, आणि आनंद इतका झाला की तो लपवायला त्याला पाठ फिरवून कॉफी करावी लागली. "जाऊ द्या हो. रविवारी पत्ते आहेतच की आपले."

"एक गंमत करायची होती, फिर्मँ. राहिली."

"कसली गंमत?"

"आता सांगून काय उपयोग?"

पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. गुडघे पायऱ्या उतरू देईनात. तिसऱ्या आठवड्यात जिन्याच्या मधल्या वळणावर पडल्या. मग नांतहून मुलगा गाडी घेऊन आला. फिर्मँनं सुटकेस खाली आणली.

"फ्लॅट विकला गेला नाही, तरी जाताय?"

"गुडघ्यांना कुठे कळतंय ते?" गाडीची काच खाली करून त्यांनी एकदा वर पाहिलं. "छत मात्र देखणं केलंत हं तुम्ही."

नोव्हेंबरच्या अखेरीस दार वाजलं. सोलेन आणि बास्तियाँ. हातात बाटली.

"मस्यू फिर्मँ, आम्ही तुमचे शेजारी!" सोलेनचं पोट आता चांगलंच दिसत होतं. "दंतवैद्यांचा फ्लॅट घेतला. तुम्ही तळमजल्याचं म्हणालात, ते डोक्यातून जाईना. आज अकरावा दिवस!"

फिर्मँनं ग्लास काढले. कुणीतरी आलं होतं, तेवढंच बरं वाटलं. "कित्येक दिवस बंद होता तो. कुणी विचारतही नव्हतं."

"विचारत कसं नव्हतं? वरच्या लुसिएनबाईंनीच धरून ठेवला होता. आपला विकला की हा घेते म्हणाल्या होत्या," बास्तियाँ बूच पिळत म्हणाला. "त्यांची मुदत टळली, म्हणून आम्हाला मिळाला. दंतवैद्यांची मुलगी सांगत होती, तिनं त्यांना गावात याहून मोठा, स्वस्त फ्लॅट दाखवला, तोही तळमजल्यावरच. पण त्यांचा एकच हट्ट, याच भिंतीला लागून हवा."

"का, ते विचारलं तिनं," सोलेन हसली. "तर म्हणाल्या, पलीकडे एक गृहस्थ राहतात, ते दर रविवारी माझ्याशी मुद्दाम हरतात."