फक्त डाव्या हाताचे शॉर्टकट

"उजव्या हाताचा एकही नको," काकांनी पुन्हा लिहिलं. "डाव्या हातात मावतील तेवढेच शॉर्टकट सांग."

शॉर्टकटताईने स्क्रीनसमोर कपाळाला हात लावला. ऑफिसात तिला हेच नाव पडलं होतं. माउसला हात न लावता कॉम्प्युटरवरचं काम झटपट कसं उरकायचं, हे सगळ्यांना शिकवणं ही तिची नोकरी. ऑफिसचं काम म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी सिनेमाच्या खाली ओळी लिहायच्या. नुसते संवाद नव्हे, आवाजसुद्धा. 'दार करकरतं.' 'शेजारच्या खोलीत कुणीतरी हुंदका गिळतं.' ही दुसरी ओळ काकांची. त्यांच्याइतके तिखट कान ऑफिसात कुणाचेच नव्हते, असं सगळे म्हणत. गेल्या वर्षापासून ते घरून काम करू लागले, तेव्हापासून तर त्यांच्या ओळी आणखीच खुलल्या होत्या. वेग तेवढा पार बसला होता.

तिने कंट्रोलबरोबर दाबायची झेड, एक्स, सी, व्ही सांगितली. चुकलेलं मागे घ्यायचं, कापायचं, उचलायचं, चिकटवायचं, सगळं डावीकडेच. काकांनी ते दुपारपर्यंत घोटून टाकलं. मग एंटर उजवीकडे पडतं म्हणून त्यांची तक्रार आली. तिने कॅप्स लॉकलाच एंटरच्या कामाला जुंपलं. एरवी चुकून दाबलं जाण्यापलीकडे त्या बटणाला काही कामच नसतं. नेहमीच्या ओळींना तिने दोन-दोन अक्षरं नेमून दिली. 'दक' टाइप केलं की 'दार करकरतं' अख्खं उमटायचं.

"जादूच केलीस की," काकांनी लिहिलं.

"पण काका, उजवा हात कुठे असतो?"

उत्तर आलं, "कामात असतो."

एवढ्याने तिचं समाधान होतंय कसलं. तिने फोन केला, तर नेहमीप्रमाणे काकूंनीच उचलला.

"अगं, ते कामात आहेत. लिहूनच पाठव ना त्यांना. मला विचारशील तर त्या कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही."

हे साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी लगेच निकाल लावला. "एका हाताने आपलं काम, दुसऱ्या हाताने दुसऱ्या कंपनीचं. घरून काम करणाऱ्यांचे सगळे खेळ मला माहीत आहेत. तुम्ही स्वतः जाऊन बघा. तसं असेल, तर त्या मोकळ्या हातात नारळ देऊ."

ताईला हे काम मुळीच आवडलं नाही. ती नवखी होती तेव्हा काकांनीच तिला सांभाळून घेतलं होतं. पण ती गेली नसती तर साहेबांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या उजव्या हाताने तिला अगदी भंडावून सोडलं होतं.

सकाळी न कळवताच ती त्यांच्या दारात उभी राहिली. खिडकीच्या अर्ध्या पडद्यावरून काकांचं डोकं दिसत होतं, पाठमोरं. तिने बेल दाबली. डोकं जराही हललं नाही. कामात इतका बुडालेला माणूस दोन नोकऱ्या करत असेल?

दार काकूंनी उघडलं. त्यांच्या गळ्यात हेडफोन होता आणि त्याची मोकळी वायर पोटावर लोंबत होती. या वयात काकूंना गाण्यांचा नाद लागलाय, म्हणून ताईला हसू आलं. काकूंनी आत जाऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला, तसे ते वळले आणि तोंड भरून हसले.

पाण्याचा ग्लास त्यांनी उजव्या हातानेच पुढे केला. हात धडधाकट होता. म्हणजे साहेबांचंच खरं.

काका समोर बसून एकटक तिच्या तोंडाकडे बघत राहिले. काही लागलंय की काय म्हणून तिने हळूच ओठ पुसले. मग ग्लासात नजर घालून ती पुटपुटली, "काका, तुम्ही दुसरीकडेही काम करता का?"

"चहा घेणार ना?" काका प्रसन्नपणे म्हणाले.

इतकी सफाईदार टाळाटाळ तिने काकांकडून कधीच अपेक्षिली नव्हती. तिला वाईट वाटलं, थोडा रागही आला. तिने मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "साहेबांना संशय आलाय. तुमचा उजवा हात काय करतो, ते बघायला मला पाठवलंय. संध्याकाळी सांगायचंय. नाहीतर तुमचं काम जाईल."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"दाखवूया हिला," काकू म्हणाल्या. "किती दिवस झाकून ठेवणार?"

दोघं कॉम्प्युटरसमोर शेजारी-शेजारी बसले. काकूंनी हेडफोनची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि हेडफोन स्वतःच्याच कानांवर चढवला. काकांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला. उजवा तळहात उघडून काकूंच्या मांडीवर ठेवला.

स्क्रीनवर सिनेमातली एक रिकामी खोली होती. काकूंनी डोळे मिटले आणि त्या तळहातावर बोटाने भरभर काहीतरी गिरवलं. डाव्या हाताखाली ओळ उमटली: 'माळ्यावर कुणीतरी दबकत चालतं.'

ताई त्यांच्या पाठीमागे येऊन उभी होती. "काका," तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "काका."

काका वळले नाहीत. काकूंनी कानावरचा हेडफोन जरासा सरकवला. त्यांचं बोट पुन्हा तळहातावर फिरू लागलं आणि स्क्रीनवर काकांनी एकेक अक्षर टाइप केलं:

'मागून ओळखीची हाक येते. आवाज भरून आलेला.'